कानाला सुटी देणारे बटण

म्हैसूरच्या मानसगंगोत्री परिसरात १९६५ पासून एक संस्था माणसाच्या ऐकण्याबोलण्याचा अभ्यास करते आहे. अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थान हे तिचे नाव. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘आयिश’ म्हणतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीतली ही संस्था श्रवणतज्ज्ञ घडवते, श्रवणयंत्रे बसवून देते, न बोलणाऱ्या मुलांना बोलते करते. त्याच शहरात हेब्बाळ भागात इन्फोसिसचे प्रशिक्षण केंद्र आहे. कंपनी सुरू झाली ती १९८१ मध्ये पुण्यात, आणि महाराष्ट्रातल्या हजारो इंजिनिअर मुलामुलींनी नोकरीचे पहिले काही महिने म्हैसुरात काढले आहेत. या पिढीच्या कामाचा मोठा भाग हेडसेट लावून होतो. मीटिंग हेडसेटवर, प्रशिक्षणाची व्याख्याने हेडसेटवर, आणि काम संपल्यावरची गाणीही त्याच हेडसेटवर, कारण तो डोक्यावर असतोच. मेजावर स्पीकर असतात, चांगले असतात, पण त्यांच्याकडे आवाज वळवायचा म्हणजे सेटिंग्जमध्ये शिरायचे, यादी शोधायची, नाहीतर सीपीयूच्या मागे हात घालून पिन काढायची. एवढे कोण करतो? माझे म्हणणे या ‘एवढे कोण करतो’पाशीच सुरू होते. हेडसेट आणि स्पीकर यांच्यातली अदलाबदल सोपी असणे ही चैन नाही. कानाचे आरोग्य, घरातली शांतता, खाजगी बोलण्याची सुरक्षितता आणि गाण्याचा आनंद या चारही गोष्टी तिच्यावर अवलंबून आहेत. म्हणून ती एका कृतीत झाली पाहिजे, आणि ती तशी आहे की नाही हे संगणक घेतानाच पाहिले पाहिजे.

ऐकण्याची ही दोन साधने एकमेकांची स्पर्धक म्हणून जन्मलेली नाहीत. भारतीय ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले तेव्हा स्वस्तात रेडिओ ऐकायचा तर क्रिस्टल संच लागे. त्याला वीज लागत नसे. हवेतून आलेल्या लहरींचीच तुटपुंजी ऊर्जा कानावरच्या हेडफोनमधला पातळ पडदा हलवी. त्या ऊर्जेवर कर्णा वाजणे शक्यच नव्हते, म्हणून एकाने ऐकायचे आणि बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहायचे. म्हैसुरात १९३५ साली महाराजा कॉलेजातले मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या घरातून ‘आकाशवाणी’ नावाचे केंद्र सुरू केले, तोवर व्हॉल्व्हचे संच आणि त्यांतले स्पीकर आले होते. अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघा अभियंत्यांनी १९२५ च्या सुमारास कागदी शंकूचा, हलत्या कॉइलचा स्पीकर सिद्ध केला होता, आणि आज मेजावर असलेला स्पीकर मुळात तोच आहे. घर एकत्र बसून ऐकू लागले. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि त्याने दोन्ही गोष्टी एका डब्यात आणल्या. इयरफोनची पिन खोचली की स्पीकर आपोआप बंद, काढली की पुन्हा सुरू. जॅकच्या आत धातूची एक पट्टी असे, पिन तिला बाजूला सारी आणि स्पीकरचा मार्ग तुटे. ना यादी, ना सेटिंग. ही अदलाबदल आपल्याकडे साठ वर्षांपूर्वी सोडवलेली होती, आणि संगणकावर ती पुन्हा अवघड झाली, हे मला विशेष वाटते.

आधी कानाचे पाहू, कारण माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम आधार तिथे आहे. आपल्या प्रत्येक कानाच्या शंखाकृती भागात जन्मतः सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. ध्वनीच्या कंपनाचे मज्जातंतूंच्या संदेशात रूपांतर करण्याचे काम त्या करतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. इजा किती होईल हे आवाज किती मोठा आणि किती वेळ, या दोन्हींच्या गुणाकारावर ठरते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये सुरक्षित ऐकण्याचे जे मानक जाहीर केले, त्यात प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास ही मर्यादा धरली आहे. लहान मुलांसाठी ७५ डेसिबलचे तेवढेच तास. डेसिबलचे गणित सरळ बेरजेचे नसते. दर तीन डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून ८३ डेसिबलला वीसच तास उरतात, ८६ ला दहा, ८९ ला पाच. पंख्याचा आवाज, बाहेरच्या रिक्षा, स्वयंपाकघरातला मिक्सर यांवर मात करायला हेडसेटचा आवाज दोन बोटे वाढवला, की आठवड्याचा हिशेब बुधवारीच संपतो. जगभरात शंभर कोटींहून अधिक तरुण अशा ऐकण्यामुळे धोक्यात आहेत, असे ही संघटना सांगते. २०२१ च्या तिच्या अहवालानुसार २०५० पर्यंत जवळजवळ अडीचशे कोटी लोकांना कमी-अधिक प्रमाणात ऐकू येण्याची अडचण असेल.

यावर कोणी म्हणेल, आणि ते बरोबरच आहे, की कानाला साधन कळत नाही, आवाज कळतो. कानापाशी ८५ डेसिबल पोचले तर ते स्पीकरमधून आले काय आणि हेडसेटमधून आले काय, इजा सारखीच. भौतिकशास्त्र एवढेच सांगते. पण प्रत्यक्षात माणूस दोन्ही साधने सारखी वापरत नाही. स्पीकरचा आवाज वाढला की घरातले कोणीतरी ‘अरे, कमी कर’ म्हणते. भिंतीपलीकडचा शेजारी म्हणतो. हेडसेटला असा कोणी पहारेकरी नाही. त्यातला आवाज इतरांना ऐकू येत नाही, म्हणून तो किती वाढला हे ऐकणाऱ्यालाही कळत नाही, कारण कान हळूहळू मोठ्या आवाजाला सरावतात. दुसरे असे, की स्पीकरपासून उठून गेले की ऐकणे थांबते. चहा करायला, दार उघडायला, पाणी भरायला माणूस उठतो आणि त्या वेळात कानाला नकळत विसावा मिळतो. बिनतारी हेडसेट मात्र स्वयंपाकघरातही बरोबर येतो. आजच्या मोबाइल फोनांपैकी अनेक फोन आठवड्याच्या ऐकण्याचा हिशेब ठेवतात आणि मर्यादा ओलांडली की सूचना देतात. मेजावरचा संगणक सहसा असे काही करत नाही. ज्या यंत्रासमोर माणूस दिवसाचे आठ तास बसतो, त्याच यंत्रावर ही राखण नाही, ही साधी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आवाज मोजून मिळत नसेल तर निदान वाटून घेता यावा, कामाचे चार तास कानावर आणि उरलेले मेजावर. त्यासाठी साधन बदलणे हाताशी हवे.

मोठ्या आवाजाने सर्वप्रथम जाते ते चार हजार हर्ट्झच्या आसपासचे ऐकणे. संवादातले स्वर खालच्या पट्टीत असतात, त्यामुळे बोलणे ऐकू येत राहते आणि माणसाला वाटते कान ठीक आहेत. पण ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे व्यंजनांचे पातळ, तीक्ष्ण आवाज वरच्या पट्टीत असतात. ते पुसट झाले की ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत घोटाळा होतो, गर्दीत बोलणे समजेनासे होते, आणि समोरचा पुटपुटतो अशी तक्रार सुरू होते. हे विशीत पेरलेले चाळिशीत दिसते. म्हणून ‘मला आत्ता काही त्रास नाही’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही.

कानाच्या इजेखेरीज ऐकण्याच्या गुणाचाही प्रश्न आहे, आणि मराठी वाचकाला तो संगीतातून लवकर पटेल. गायक अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झालेले. म्हैसूर दरबाराचे त्यांना आमंत्रण असे, दरबाराने त्यांना गौरवले, आणि त्या प्रवासात धारवाडला त्यांचा मुक्काम पडे. त्यांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या आज संगणकावर कोणालाही ऐकता येतात. ही ध्वनिमुद्रणे एकाच वाहिनीची आहेत, डावे-उजवे असा भेद त्यांत नाही. हेडसेटवर ती ऐकली की आवाज दोन्ही कानांत नेमका सारखा पोचतो आणि गाणे डोक्याच्या मधोमध कोंडल्यासारखे वाटते. निसर्गात असे सहसा घडत नाही. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला अंमळ आधी आणि अंमळ मोठा ऐकू येतो, डोक्याची सावली डाव्या कानावर पडते, आणि या सूक्ष्म फरकांवरून मेंदू दिशा ठरवतो. स्पीकरवर तीच तबकडी लावा. आवाज समोरून येतो, खोलीच्या भिंतींवरून थोडा परततो, तबकडीची खरखर मागे सरते आणि गायक समोर बसल्यासारखा होतो. उलट आजच्या एखाद्या मुद्रणातली तानपुऱ्याचा सूक्ष्म झंकार, किंवा लिहून घ्यायच्या मुलाखतीतला अस्पष्ट शब्द हेडसेटवर जास्त स्पष्ट कळतो, कारण तिथे खोलीचा आवाज मध्ये येत नाही. म्हणजे एकाच संध्याकाळी एकाच माणसाला दोन्ही हवे असतात. जो एकात अडकला, त्याचे अर्धे ऐकणे गेले.

हेडसेटची बाजू कमकुवत आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. दोन खोल्यांच्या घरात आजी झोपलेली, मूल अभ्यासाला बसलेले, आणि तिसऱ्याची अमेरिकेतल्या ग्राहकाशी मीटिंग, ही परिस्थिती पुण्यात आहे, नागपुरात आहे आणि म्हैसुरातही आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या केंद्रीय नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा ठरवली आहे. रात्री दहानंतर स्पीकर बंद आणि हेडसेट सुरू, हीच सभ्य रीत. बोलण्यासाठीही हेडसेट उजवा ठरतो. त्याचा माइक ओठांपासून दोन-तीन बोटांवर असतो, म्हणून पंख्यापेक्षा आवाज मोठा पोचतो. कंपनीच्या गोपनीय बैठका, डॉक्टरांशी बोलणे, बँकेच्या कामाचे बोलणे स्पीकरवर करूच नये. पण हे सगळे मान्य केल्यावरच सोप्या अदलाबदलीची गरज सिद्ध होते. हेडसेटची वेळ आणि स्पीकरची वेळ दिवसातून अनेकदा पालटते. प्रत्येक पालटाला सहा क्लिक लागत असतील तर माणूस पालटणार नाही. सकाळच्या मीटिंगला चढवलेला हेडसेट रात्री झोपतानाच उतरेल.

संगणकावर हे अवघड का झाले, हे थोडे आत जाऊन पाहायला हवे. इंटेलने १९९७ मध्ये घालून दिलेल्या जुन्या पद्धतीत सीपीयूच्या पुढच्या जॅकमध्ये पिन खोचली की मागच्या जॅककडे जाणारी तार प्रत्यक्ष तुटे, थेट ट्रान्झिस्टरसारखी. २००४ च्या नव्या पद्धतीत जॅक फक्त ‘पिन आली’ असे सॉफ्टवेअरला कळवतो, आणि आवाज कुठे पाठवायचा हे सॉफ्टवेअर ठरवते. ही प्रगतीच होती. आता पुढच्या जॅकमधून एक आणि मागच्यातून दुसरा असे दोन वेगळे आवाज एकाच वेळी काढता येतात. पण निर्णय हातातून पडद्यामागे गेला. त्यात यूएसबी हेडसेट आले. त्यांच्या वायरीत किंवा कपात स्वतःचे छोटे साउंड कार्ड असते, त्यामुळे संगणकाला तो सर्वस्वी वेगळा यंत्रभाग दिसतो, आणि तो जोडला की बहुधा विंडोज त्यालाच मुख्य मानते. मग ब्लूटूथ आले. त्यात एक वेगळीच मेख आहे. नुसते गाणे ऐकताना आवाज चांगल्या दर्जाचा येतो. माइक सुरू झाला की परंपरागत ब्लूटूथ हेडसेट फोनच्या दर्जावर उतरतो, आणि गाणे एकदम टिनपाटावर वाजल्यासारखे होते. हेडसेट बिघडला असे वाटून कित्येक जण तो बदलतात. खरे तर तिथे फक्त आवाज स्पीकरवर न्यायचा आणि माइक दुसरा निवडायचा असतो. भरीस भर म्हणून झूम, टीम्ससारखी ॲप्स आपली निवड स्वतंत्रपणे धरून ठेवतात. विंडोजमध्ये बदलले तरी ॲप जुन्याच साधनावर बोलत राहते.

‘मग यंत्रानेच आपोआप ठरवावे की’ हा आक्षेप वरवर पाहता रास्त आहे. पण हेडसेट जोडलेला आहे याचा अर्थ तो कानावर आहे असा होत नाही. तो बहुतेक वेळ मेजाच्या कडेला लटकत असतो. यंत्राला जोडणी कळते, हेतू कळत नाही. शिवाय दोन्ही चुका सारख्या वजनाच्या नाहीत. स्पीकरवर जायला हवा असलेला आवाज चुकून हेडसेटमध्ये गेला तर नुसती शांतता होते, कोणाचे बिघडत नाही. हेडसेटमध्ये हवा असलेला आवाज चुकून स्पीकरवर गेला तर पगाराची चर्चा, तपासणीचा अहवाल, कोणाचे रडणे सगळ्या खोलीला ऐकू जाते. मोबाइल बनवणाऱ्यांनी हे ओळखले आहे. अँड्रॉइडमध्ये हेडफोन निघाला की ॲपला तशी सूचना मिळते, आणि नीट बनवलेले गाण्याचे ॲप तिथेच थांबते, स्पीकरवर सुरू होत नाही. मेजावरच्या संगणकावर मात्र पिन निघाली की आवाज बहुधा थेट स्पीकरवर उसळतो. हे उलट आहे. कानाकडून मेजाकडे जाणे हे माणसाने सांगितल्यावरच व्हावे, आणि सांगणे एका कळीचे असावे. आपोआप व्हायचेच तर मेजाकडून कानाकडे व्हावे; त्यात धोका कमी.

कमी, पण शून्य नाही, कारण आवाजाची पातळी हा वेगळा धोका आहे. खोलीच्या पलीकडे बसून ऐकायला स्पीकर पूर्ण वर नेलेला असतो. तीच पातळी तशीच हेडसेटला मिळाली तर पहिल्याच क्षणी कानावर आघात होतो. म्हणून प्रत्येक साधनाची पातळी वेगळी लक्षात राहणे ही चांगल्या अदलाबदलीची पहिली अट मानली पाहिजे. विंडोज साधारणपणे तसे करते, जोडलेल्या दर साधनाची पातळी निराळी जपते. पण एकाच जॅकमधून दुभागणारी वायर लावून स्पीकर आणि हेडसेट दोन्ही जोडले, तर संगणकाच्या दृष्टीने ते एकच साधन ठरते आणि ही जपणूक नाहीशी होते. स्वस्त आणि सोपा म्हणून हा उपाय दुकानात सुचवला जातो. मला तो पसंत नाही. वापरायचाच तर संगणकावरची पातळी हेडसेटला सोसेल एवढीच कायम ठेवावी आणि स्पीकरचा आवाज फक्त स्पीकरच्या स्वतःच्या बटणाने कमी-जास्त करावा.

स्पीकरवर मीटिंग घेतली की समोरच्याला स्वतःचेच बोलणे परत ऐकू येते, प्रतिध्वनी येतो, म्हणून हेडसेटच हवा, असेही म्हणतात. एके काळी हे खरे होते. त्यावरचा उपाय शोधणाऱ्यांत एक भारतीय नाव अग्रभागी आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत काम करणारे मनमोहन सोंधी यांनी १९६७ मध्ये स्वतःला जुळवून घेणाऱ्या प्रतिध्वनी-निवारकाचा सिद्धान्त प्रसिद्ध केला. दूरच्या टेलिफोन संभाषणांतला प्रतिध्वनी घालवण्यासाठी तो होता, पण तीच कल्पना आज प्रत्येक मीटिंगच्या ॲपमध्ये काम करते. स्पीकरकडे कोणता आवाज पाठवला हे संगणकाला ठाऊक असते. तो आवाज खोलीतून फिरून माइकमध्ये कसा परतेल याचा अंदाज तो सतत घेत राहतो आणि माइकच्या आवाजातून तेवढा भाग वजा करतो. मीटिंग चालू असताना हेडसेटवरून स्पीकरवर गेलात तर खोलीचा अंदाज नव्याने बसेपर्यंत क्षणभर प्रतिध्वनी येऊ शकतो, मग तो जातो. एकाच खोलीत दोन लॅपटॉप एकाच मीटिंगला बसले तर मात्र हे गणित फसते, कारण शेजारच्या स्पीकरमधून काय निघते आहे हे आपल्या यंत्राला माहीत नसते. तेवढ्या वेळी हेडसेटच.

काही लोकांच्या बाबतीत ही सोय रोजीरोटीचा प्रश्न असते, आणि त्यांचा विचार यंत्र विकत घेणारी कार्यालये क्वचितच करतात. कानामागे श्रवणयंत्र लावणाऱ्या व्यक्तीला बरेच हेडसेट धड बसत नाहीत. दाबले गेले की श्रवणयंत्र शिट्टी वाजवते. तिला चांगला स्पीकर समोर हवा, आणि खाजगी बोलण्यासाठी तिच्या यंत्राशी जुळणारी वेगळी सोय. अंध व्यक्तीची गरज आणखी बारकाईची आहे. एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर पडद्यावरचा मजकूर मराठीतही वाचून दाखवतो. मीटिंगमध्ये सहकाऱ्यांचे बोलणे आणि स्क्रीन रीडरचे बोलणे एकाच ठिकाणाहून आले तर दोन्ही कळत नाहीत. स्क्रीन रीडर एका कानातल्या इयरफोनवर आणि मीटिंग स्पीकरवर अशी विभागणी केली की काम सुरळीत चालते, आणि एनव्हीडीएमध्ये आपले साधन स्वतंत्र निवडायची सोय आहेच. विंडोजमध्ये २०१८ पासून ॲपवार साधन नेमता येते. म्हणजे तंत्र तयार आहे. कार्यालयातल्या संगणक विभागाने ते एकदा लावून देण्याची गरज आहे.

सामान्य वापरासाठीही नवीन खरेदी न करता बरेच होते. विंडोज ११ मध्ये विंडोज, कंट्रोल आणि व्ही या कळा एकत्र दाबल्या की साधनांची यादी थेट उघडते. बाणाने निवडायचे, एंटर मारायचे. मॅकवर वरच्या पट्टीतल्या आवाजाच्या चिन्हात ती यादी असते, लिनक्सच्या बहुतेक डेस्कटॉपवरही तशीच. एका कळजोडीने आलटून पालटून बदल हवा असेल तर विंडोजसाठी साउंडस्विच नावाचे मुक्त, विनामूल्य सॉफ्टवेअर आहे. यादीतली गोंधळात टाकणारी लांबलचक नावे बदलून ‘कान’ आणि ‘मेज’ अशी ठेवावीत, आणि वापरात नसलेली साधने, विशेषतः मॉनिटरचा आवाज, यादीतून बंद करून टाकावीत. निम्मा वैताग तिथेच संपतो. विंडोजमध्ये संभाषणाचे साधन आणि इतर सगळ्याचे साधन वेगळे ठेवता येते, हे २००९ च्या विंडोज ७ पासून आहे, पण फार थोड्यांना माहीत असते. संभाषण हेडसेटला आणि बाकी सगळे स्पीकरला दिले, आणि मीटिंगच्या ॲपमध्येही तसेच निवडले, की बहुतेकांना दिवसभरात काही बदलावेच लागत नाही. मीटिंग असली की हेडसेट उचलायचा, संपली की ठेवायचा.

सॉफ्टवेअरवर भरवसा नसणाऱ्यांसाठी हाताने फिरवायचा उपाय अजूनही उत्तम आहे. पुढच्या बाजूला हेडफोनचा जॅक असलेले स्पीकर घेतले तर पिन खोचताच ते बरेचदा स्वतः गप्प होतात. दुकानात लावून पाहूनच घ्यावेत. मेजावर ठेवायची छोटी ऑडिओ स्विच पेटीही मिळते, बटण इकडे हेडसेट, तिकडे स्पीकर. मात्र ती यूएसबी हेडसेटला चालत नाही. एकाच पिनेत माइक आणि आवाज दोन्ही असलेल्या, चार पट्ट्यांच्या पिनेला पेटीही चार जोडांची लागते, नाहीतर ऐकू येते पण आपले बोलणे पोचत नाही. आणि इथेही वर सांगितलेली पातळीची काळजी घ्यावीच लागते, कारण संगणकाला दोन्ही एकच वाटतात.

कंपन्या, महाविद्यालये आणि सरकारी कार्यालये संगणक शेकड्यांनी घेतात. त्यांच्या निविदांत प्रोसेसर आणि मेमरीचा तपशील ओळीओळीने असतो, ऐकण्याचा बहुधा ‘हेडसेट’ या एका शब्दात. तिथे तीन गोष्टी लिहून मागाव्यात, असे मी आग्रहाने सुचवतो. कीबोर्डवर किंवा हेडसेटच्या वायरीवर साधन बदलण्याचे एक बटण. प्रत्येक साधनाची पातळी वेगळी जपण्याची हमी. आणि हेडसेट निघाल्यावर आवाज स्पीकरवर न उसळता थांबण्याची सोय. यांतली एकही गोष्ट तंत्राच्या दृष्टीने नवी किंवा महाग नाही. मागणारा नाही म्हणून ती मिळत नाही.

आणि वाचकाला एक सांगणे. संध्याकाळी हेडसेट काढल्यावर कानात बारीक शिट्टी किंवा गुंजन राहत असेल, टीव्हीचा आवाज घरातल्या इतरांपेक्षा तुम्हालाच मोठा लागत असेल, तर हेडसेट बदलून पाहण्यात वेळ घालवू नका. म्हैसुरात असाल तर मानसगंगोत्रीला जा. मुंबईत नायर रुग्णालयात आणि वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत ही तपासणी होते, आणि राष्ट्रीय बधिरता प्रतिबंध कार्यक्रमामुळे अनेक जिल्हा रुग्णालयांतही श्रवण तपासणीची सोय झाली आहे. तपासणीत वेदना होत नाहीत, अर्ध्या-पाऊण तासात ती होते, आणि आजचा आलेख जपून ठेवला तर पाच वर्षांनी तुलनेला उपयोगी पडतो.